विश्लेषण : अश्रूंच्या गाण्याला पदार्थाचे नाव कसे पडले? अमेरिकेत ‘नंबर वन’ ठरलेले जपानी गायक क्यू साकामोतो कोण होते?

‘बीटीएस’ या कोरियन गटाचे ‘डायनामाइट’ हे गाणे २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा जगभरातील बातम्यांमध्ये एक जुने जपानी नाव पुन्हा झळकले. ते नाव क्यू साकामोतो यांचे. त्याच्या ५७ वर्षे आधी, जून १९६३ मध्ये, अवघ्या २१ वर्षांच्या साकामोतो यांनी याच यादीचे पहिले स्थान मिळवले होते. तिथवर पोहोचलेले ते पहिले आशियाई गायक. जपानी भाषेतील दुसरे कोणतेही गाणे त्यानंतर आजवर त्या स्थानी पोहोचलेले नाही.

गाण्याचे मूळ नाव ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालूया’. जगाला मात्र ते ‘सुकियाकी’ या नावाने माहीत झाले. सुकियाकी हा मांस आणि भाज्यांचा एक जपानी पदार्थ आहे आणि गाण्यात त्याचा उल्लेखही नाही. हे नाव कुठून आले, गाण्यामागचे खरे दुःख कोणते होते आणि ते हसऱ्या चेहऱ्याने गाणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

पर्ल हार्बरनंतर दोन दिवसांनी जन्म

जपानच्या वेळेनुसार ८ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपान-अमेरिका युद्ध सुरू झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, तोक्योजवळच्या कावासाकी या औद्योगिक शहरात साकामोतो यांचा जन्म झाला. नऊ भावंडांतील ते सर्वांत धाकटे. त्यांचे नाव ज्या चिनी-जपानी चिन्हाने लिहिले जाते, त्याचा अर्थच ‘नऊ’ असा आहे. घरी या चिन्हाचा उच्चार ‘हिसाशी’ असा होत असे. त्याचाच दुसरा उच्चार ‘क्यू’. पुढे तोच त्यांची ओळख ठरला आणि चाहत्यांनी त्याचे लाडाने ‘क्यू-चान’ केले.

वडिलांचा बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचा व्यवसाय होता. कारखान्यांचे शहर असल्याने कावासाकी बॉम्बहल्ल्यांचे लक्ष्य ठरणार, हे उघड होते. १९४३ मध्ये आई मुलांना घेऊन इबाराकी प्रांतातील कासामा या गावी माहेरी गेली. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी कावासाकीवर मोठा हल्ला केला, तेव्हा हे कुटुंब तिथे नव्हते. साकामोतो यांचे बालपण कासामात गेले. तिथल्या प्रसिद्ध इनारी मंदिरावरची त्यांची श्रद्धा आयुष्यभर टिकली. युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, कुटुंब कावासाकीला परतले.

एल्व्हिसची नक्कल ते व्यावसायिक गायक

युद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी लष्कराचे तळ उभे राहिले. सैनिकांच्या क्लबांत आणि रेडिओवर अमेरिकी संगीत वाजू लागले. शाळकरी वयातील साकामोतो एल्व्हिस प्रेस्लीची हुबेहूब नक्कल करत आणि मित्रमंडळींत भाव खाऊन जात.

१९५८ मध्ये तोक्योच्या निचिगेकी नाट्यगृहात ‘वेस्टर्न कार्निव्हल’ नावाचे कार्यक्रम सुरू झाले आणि रॉकाबिली संगीताची लाट आली. रंगमंचावर गिटार घेतलेली तरुण पोरे आणि समोर किंचाळणाऱ्या शाळकरी मुली, हे दृश्य जपानी समाजाला नवे होते. त्याच वर्षी साकामोतो ‘द ड्रिफ्टर्स’ या वाद्यवृंदात दाखल झाले. (हाच गट पुढे विनोदी कार्यक्रमांसाठी घराघरांत पोहोचला आणि १९६६ मध्ये तोक्योच्या बुदोकान सभागृहात ‘बीटल्स’च्या आधी रंगमंचावर आला.) थोड्याच काळात साकामोतो यांनी तो गट सोडला आणि ‘डॅनी इइदा अँड पॅराडाइज किंग’ या गटात प्रवेश केला. या गटासोबत गायलेले ‘कानाशिकी रोकुजुस्साई’ हे गाणे १९६० मध्ये लोकप्रिय झाले. ते ‘मुस्तफा’ या तेव्हा जगभर गाजत असलेल्या गाण्याचे जपानी रूप होते.

साकामोतो देखणे नव्हते. चेहऱ्यावर मुरमांच्या खुणा, बारीक डोळे आणि कानापर्यंत पोहोचणारे हसू. त्या काळच्या चित्रपटतारकांच्या तुलनेत ते शेजारच्या घरातील मुलासारखे दिसत. पण नेमका त्याच सुमारास जपानी घरांत टीव्ही येत होता. युवराजांच्या १९५९ मधील विवाहसोहळ्याने टीव्ही संचांची खरेदी प्रचंड वाढली होती. बैठकीच्या खोलीतील छोट्या पडद्याला दुरून पूजावा असा तारा नको होता. रोज घरी यावा असा मुलगा हवा होता.

सहा, आठ आणि नऊ

‘उए ओ मुइते आरुको’ हे तिघांचे काम आहे. गीतकार रोकुसुके एइ, संगीतकार हाचिदाई नाकामुरा आणि गायक क्यू साकामोतो. ‘रोकु’ म्हणजे सहा, ‘हाची’ म्हणजे आठ आणि ‘क्यू’ म्हणजे नऊ. त्यामुळे जपानमध्ये हे त्रिकूट ‘सहा-आठ-नऊ’ म्हणूनच ओळखले जाते.

गाण्याचा आशय अगदी साधा आहे. एक माणूस रात्री एकटाच चालला आहे. डोळ्यांतले पाणी खाली ओघळू नये म्हणून तो मान वर करून आकाशाकडे पाहत चालतो. त्याला ऋतू आठवतात, डोळ्यांतल्या पाण्यातून चांदण्या धूसर दिसतात. एवढेच. तो का रडतो आहे, हे गाणे शेवटपर्यंत सांगत नाही.

ते कारण शोधायचे, तर १९६० च्या जून महिन्यात जावे लागते. अमेरिकी सैन्याचे तळ जपानमध्ये कायम ठेवणाऱ्या सुरक्षा कराराचे तेव्हा नूतनीकरण होणार होते. त्याविरोधात लाखो लोक रस्त्यावर उतरले. १५ जून १९६० रोजी संसदेच्या आवारात पोलीस आणि विद्यार्थी यांच्यात झालेल्या धुमश्चक्रीत मिचिको कानबा या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तरीही चारच दिवसांनी कराराला आपोआप मान्यता मिळाली. आंदोलन हरले. तिशीच्या आतले एइ त्या आंदोलनात सहभागी होते आणि पराभूत मनाने घरी परतणाऱ्या तरुणाचे दुःख या गाण्यात उतरले, असे मानले जाते.

गाण्यात मात्र ना कराराचा उल्लेख आहे, ना राजकारणाचा. प्रेमभंगाचाही नाही. कारणाची ही जागा रिकामी राहिल्यामुळेच ऐकणारा प्रत्येक जण तिथे आपले कारण ठेवू शकला.

गीतकाराला न आवडलेला आवाज

जुलै १९६१ मध्ये तोक्योतील नाकामुरा यांच्या मैफलीत हे गाणे पहिल्यांदा सादर झाले. साकामोतो यांची गायनशैली ऐकून एइ नाराज झाले होते. आपण लिहिलेले शब्द हा पोरगा तोडून-मोडून, हेल काढून गातो आहे, असे त्यांना वाटले. साकामोतो एकेका अक्षरात आवाजाला हलका झटका देत, स्वर लांबवत आणि मध्येच किंचित उचकी लागल्यासारखे थांबत. ही एल्व्हिस आणि बडी हॉली यांच्या रॉकाबिलीची लकब होती.

पण गाण्याचे काम याच लकबीने केले. रडू आवरताना आवाज जसा अडखळतो, तसा तो इथे अडखळतो आणि तरीही चाल पुढे सरकत राहते. हेच गाणे एखाद्याने गळा काढून गायले असते, तर ते रडगाणे झाले असते. साकामोतो यांच्या गळ्यात ते रडू लपवणाऱ्या माणसाचे गाणे झाले. शेवटी शब्द संपतात आणि केवळ शीळ उरते.

चालीतही एक खुबी आहे. तिचा मुख्य भाग बहुतांशी पाच स्वरांवर फिरतो. जपानीत या स्वररचनेला ‘योनानुकी’ म्हणतात. त्याचा अर्थ चौथा आणि सातवा स्वर वगळलेली रचना. आपल्याकडे मध्यम आणि निषाद वर्ज्य केले की भूप रागाचे स्वर मिळतात, तेच हे पाच स्वर. त्यामुळे जपानी न येणाऱ्या भारतीय कानालाही ही चाल चटकन ओळखीची वाटते. मधल्या कडव्यात नाकामुरा यांनी या पाच स्वरांबाहेर पाऊल टाकून पाश्चात्त्य वळणाची उदास छटा आणली. खाली अमेरिकी जॅझच्या अंगाने जाणारा ताल आणि वर पूर्वेकडील सुरावट, असा हा मेळ आहे.

‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीवरील ‘युमे दे आइमाशो’ या कार्यक्रमात दर महिन्याला एक नवे गाणे सादर होत असे. १९६१ च्या शरद ऋतूत तिथे हे गाणे वाजले, ऑक्टोबरमध्ये त्याची तबकडी बाजारात आली आणि बघता बघता ते देशभर पसरले. त्या वर्षांत शाळा संपवून निघालेली पंधरा-सोळा वर्षांची मुले खास रेल्वेगाड्यांतून खेड्यांतून तोक्योच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामाला येत होती. उद्योगजगत त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणे. परक्या शहरात रात्री एकट्याने खोलीवर परतणाऱ्या या मुलांना गाण्यातल्या अश्रूंचे कारण कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग ‘सुकियाकी’ हे नाव कुठून आले?

ब्रिटनमधील ‘पाय रेकॉर्ड्स’ या कंपनीचे लुई बेंजामिन जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या कानावर हे गाणे पडले. त्यांनी चाल मायदेशी नेली आणि केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून केवळ वाद्यांवर वाजवून घेतली. मूळ नाव इंग्रजी निवेदकांना उच्चारता येणार नाही, अशी भीती होती. म्हणून इंग्रजांना ठाऊक असलेला एक जपानी शब्द शोधला गेला. तो शब्द होता सुकियाकी. १९६३ च्या सुरुवातीला ही वाद्यधून ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोहोचली.

आपल्याकडचे एखादे हळवे भावगीत लंडनमध्ये ‘मिसळपाव’ या नावाने विकले गेले, तर जसे वाटेल, तसाच हा प्रकार होता.

अमेरिकेत गाणे पोहोचले ते मात्र साकामोतो यांच्याच आवाजात. वॉशिंग्टन राज्यातील पॅस्को या छोट्या शहरातील एका रेडिओ निवेदकाने मूळ जपानी तबकडी वाजवली. हे काय होते आणि पुन्हा कधी लावणार, अशी श्रोत्यांकडून विचारणा सुरू झाली. हे पाहून ‘कॅपिटल रेकॉर्ड्स’ने ती अमेरिकेत प्रसिद्ध केली. नाव मात्र ब्रिटनमधलेच ठेवले.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात असा :

• मे १९६३ : गाणे ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत दाखल.

• १५ जून १९६३ : पहिल्या क्रमांकावर. सलग तीन आठवडे तिथेच मुक्काम.

• ब्रिटनमध्ये साकामोतो यांची मूळ आवृत्ती सहाव्या क्रमांकापर्यंत.

• ऑगस्ट १९६३ : साकामोतो अमेरिकेत, ‘स्टीव्ह अॅलन शो’ या टीव्ही कार्यक्रमात सादरीकरण.

• १९६४ : अमेरिकेतील दहा लाख प्रतींच्या विक्रीसाठी सुवर्ण तबकडीचा सन्मान.

• जगभरात एकूण एक कोटी ३० लाखांहून अधिक प्रतींची विक्री झाल्याचे सांगितले जाते.

यातील १५ जून ही तारीख लक्ष वेधून घेते. मिचिको कानबा यांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. अमेरिकेसोबतच्या कराराविरुद्ध हरलेल्या आंदोलनाची सावली असलेले गाणे अमेरिकेतच अव्वल ठरले आणि तिथल्या बहुतेक श्रोत्यांना याची कल्पनाही नव्हती. युद्ध संपून अठरा वर्षेच झाली होती. जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना युद्धकाळात छावण्यांत डांबणाऱ्या देशात आता घरोघरी जपानी शब्द गुणगुणले जात होते.

एका गाण्याचे गायक?

अमेरिकेत साकामोतो यांना पुन्हा असे यश मिळाले नाही. ‘चायना नाइट्स’ हे त्यांचे पुढचे गाणे यादीत ५८ व्या क्रमांकापर्यंतच गेले. त्यामुळे पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद एका गाण्याचे गायक म्हणून होते. जपानमधील चित्र नेमके उलटे आहे.

तिथे त्यांची गाणी एकामागून एक येत राहिली. ‘मिआगेते गोरान योरु नो होशि ओ’ (१९६३) हे रात्रीच्या ताऱ्यांकडे पाहायला सांगणारे गाणे मुळात शाळेबरोबर नोकरीही करणाऱ्या रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांवरील संगीत नाटकातले होते. ‘आशिता गा आरु सा’ (१९६३) म्हणजे ‘उद्या आहेच की’. आवडत्या मुलीशी बोलण्याचे धाडस रोज उद्यावर ढकलणाऱ्या मुलाची ही गंमत. ‘शिआवासे नारा ते ओ तातको’ (१९६४) हे आनंदी असाल तर टाळ्या वाजवा, असे सांगणारे गाणे. त्याचीच इंग्रजी आवृत्ती महाराष्ट्रातील इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांतही टाळ्यांसह म्हटली जाते.

नववर्षाच्या पूर्वसंध्येला होणारा ‘कोहाकु उता गास्सेन’ हा जपानमधील सर्वांत मानाचा टीव्ही कार्यक्रम. त्यात गायकांचा पांढरा संघ आणि गायिकांचा लाल संघ यांची स्पर्धा होते. साकामोतो १९६१ पासून सलग ११ वर्षे त्यात गायले. पुढे त्यांचा मोर्चा निवेदनाकडे वळला. ‘शिन हाक्केनदेन’ (१९७३-७५) या बाहुल्यांच्या मालिकेचे निवेदक म्हणून एका पिढीच्या बालपणात त्यांचा आवाज मिसळून गेला.

आयडॉल गटांशी नाते काय?

साकामोतो यांच्या उमेदीच्या काळात ‘आयडॉल’ हा शब्द जपानमध्ये रुळलेला नव्हता. १९६४ मध्ये एक फ्रेंच चित्रपट तिथे प्रदर्शित झाला आणि त्यानंतर तरुण लोकप्रिय कलाकारांसाठी तो वापरात येऊ लागला. १९६२ मध्ये ‘जॉनीज’ हा चार मुलांचा गट स्थापन झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘द स्पायडर्स’, ‘द टायगर्स’ यांसारख्या वाद्यवृंदांची लाट आली. त्यानंतर ‘फोर लीव्हज’पासून ‘हिकारु गेंजी’, ‘स्मॅप’ आणि ‘अराशी’पर्यंत पुरुष आयडॉल गटांची मोठी परंपरा उभी राहिली.

साकामोतो यांना या परंपरेचे संस्थापक म्हणता येणार नाही. पण तिच्यातील अनेक गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत आधीच दिसतात. तरुण मुलांच्या गटातून सुरुवात, टीव्हीमुळे घराघरांत ओळख, गाण्यासोबत अभिनय, विनोद आणि निवेदन. गळ्याइतकीच महत्त्वाची ठरणारी आपुलकी. आणि न खचता पुढे चला, हा गाण्यांचा सूर. ‘स्मॅप’चे २००३ मधील ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’ हे गाणेही जपानमध्ये असेच धीराचे गाणे म्हणून ऐकले जाते.

कॅमेऱ्यापलीकडचे काम

८ डिसेंबर १९७१ रोजी साकामोतो यांचा अभिनेत्री युकिको काशिवागी यांच्याशी विवाह झाला. त्यांना हानाको आणि माइको या दोन मुली झाल्या.

१९७६ मध्ये होक्काइदो बेटावरील ‘सप्पोरो टेलिव्हिजन’ने ‘संडे क्यू’ हा कार्यक्रम सुरू केला. विषय होता अपंग व्यक्तींचे जगणे आणि समाजकल्याण. तोक्योतील मोठ्या वाहिन्यांवर मागणी असलेला कलाकार अशा प्रादेशिक कार्यक्रमासाठी वारंवार विमानप्रवास करून जातो, हे नेहमीचे नव्हते. साकामोतो मृत्यूपर्यंत, नऊ वर्षे, तो सादर करत राहिले. ते खुणांची भाषा शिकले आणि बहिऱ्या श्रोत्यांसाठी हातांनी गाणी सादर करू लागले. त्यांचा आवाज ज्यांना कधीच ऐकू येणार नव्हता, त्यांच्यापर्यंतही त्यांना गाणे न्यायचे होते. या कार्यक्रमातून जुळलेल्या नात्यामुळेच होक्काइदोतील कुरियामा या गावात पुढे त्यांचे स्मृती-संग्रहालय उभे राहिले.

१९८५ च्या मे महिन्यात त्यांची नवी तबकडी आली. निवेदनात अनेक वर्षे घालवल्यानंतर ते पुन्हा गायनाकडे वळत होते. तबकडीच्या मागच्या बाजूला ‘कोकोरो नो हितोमी’ (मनाचे डोळे) हे दीर्घ सहजीवनावरचे गाणे होते.

१२ ऑगस्ट १९८५

त्या दिवशी जपानमध्ये ‘ओबोन’ची गर्दी होती. पूर्वजांच्या स्मरणाच्या या सणासाठी लोक मोठ्या संख्येने गावी जातात. ओसाका परिसरातील स्थानिक निवडणुकीला उभ्या असलेल्या जुन्या सहकाऱ्याच्या कार्यक्रमासाठी साकामोतो निघाले होते. जपान एअरलाइन्सच्या विमान क्रमांक १२३ मध्ये त्यांना जागा मिळाली.

बोइंग ७४७ बनावटीच्या या विमानाने सायंकाळी ६.१२ वाजता तोक्योच्या हानेदा विमानतळावरून उड्डाण केले. साधारण १२ मिनिटांनी मागच्या भागात स्फोटासारखा आवाज झाला. शेपटीचा उभा पंखा मोठ्या प्रमाणावर तुटून पडला आणि विमान वळवण्यासाठी लागणाऱ्या चारही हायड्रॉलिक यंत्रणांमधील द्रव वाहून गेला. केवळ इंजिनांचा जोर कमी-जास्त करत वैमानिकांनी सुमारे अर्धा तास विमान हवेत ठेवले. ६.५६ वाजता ते गुन्मा प्रांतातील उएनो गावाच्या हद्दीत डोंगरकड्यावर कोसळले. विमानातील ५२४ पैकी ५२० जण मृत्युमुखी पडले आणि चौघी बचावल्या. एकाच विमानाच्या अपघातातील मृतांची ही आजवरची सर्वाधिक संख्या आहे.

चौकशीत कारणाचा माग सात वर्षे मागे गेला. जून १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना याच विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली होती. त्यात प्रवासी कक्षाच्या मागील टोकाला हवेचा दाब रोखून धरणाऱ्या घुमटाकार पडद्याला इजा झाली. बोइंगच्या पथकाने तो दुरुस्त केला. नव्या आणि जुन्या भागांना जोडणारी पट्टी अखंड बसवायची होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत बसवली गेली. परिणामी जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार पेलायचा, तिथे सगळा ताण एकाच ओळीवर आला. प्रत्येक उड्डाणात कक्षात हवेचा दाब वाढतो आणि उतरताना कमी होतो. १२ हजारांहून अधिक उड्डाणांत या ताणाने धातूत सूक्ष्म भेगा वाढत गेल्या आणि त्या संध्याकाळी पडदा फाटला.

साकामोतो ४३ वर्षांचे होते. मृतदेहांची ओळख पटवणे अत्यंत अवघड होते. त्यांची ओळख पटण्यास गळ्यातील कासामाच्या इनारी मंदिराचे पदक उपयोगी पडले, असे सांगितले जाते. युद्धकाळात त्यांना आसरा देणाऱ्या गावाचेच ते मंदिर.

गाणे पुन्हा पुन्हा का परतते?

साकामोतो यांच्यानंतर नाकामुरा यांचे १९९२ मध्ये आणि एइ यांचे २०१६ मध्ये निधन झाले. ‘सहा-आठ-नऊ’ त्रिकूट संपले, पण गाणे थांबले नाही. अमेरिकेत ‘अ टेस्ट ऑफ हनी’ यांची इंग्रजी आवृत्ती १९८१ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. १९९० च्या दशकात ‘फोर पी. एम.’ या पुरुष गायकांच्या गटाने ते पुन्हा पहिल्या दहांत नेले. या इंग्रजी शब्दांत मात्र ते सरळ विरहगीत झाले. मूळ गाण्याने रिकामी ठेवलेली कारणाची जागा तिथे भरून टाकली गेली.

जपानने ती जागा मोकळीच ठेवली. २००१ मध्ये, दीर्घ मंदीच्या काळात, ‘आशिता गा आरु सा’ नव्या आवाजांत पुन्हा लोकप्रिय झाले. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ‘सनटोरी’ या कंपनीने आपल्या उत्पादनाची जाहिरात बाजूला ठेवली आणि अनेक नामवंतांकडून ‘उए ओ मुइते आरुको’ व ‘मिआगेते गोरान योरु नो होशि ओ’ या गाण्यांच्या ओळी एकामागून एक गाऊन घेतल्या. त्याच वर्षी आलेल्या ‘स्टुडिओ जिब्ली’च्या ‘फ्रॉम अप ऑन पॉपी हिल’ या १९६३ मधील योकोहामात घडणाऱ्या चित्रपटातही मूळ गाणे ऐकू येते. घर, माणसे, गाव गमावलेल्यांसमोर कोणते गाणे म्हणावे, असा प्रश्न पडला, तेव्हा जपानला पन्नास वर्षांपूर्वीचे हे गाणे आठवले. ते दुःख मोजत नाही, कारण विचारत नाही आणि रडू नका असा उपदेशही करत नाही. रडू आले तरी चालत राहता येते, एवढेच ते दाखवते.

‘कोकोरो नो हितोमी’ हे तबकडीच्या मागच्या बाजूचे गाणे आज जपानी शाळांमध्ये समूहगीत म्हणून गायले जाते. ते गाणाऱ्या मुलांपैकी कुणीही साकामोतो यांना पाहिलेले नाही. त्यांच्या नावाचा एक लघुग्रहही आहे आणि त्याचा क्रमांक ६९८० आहे. आणि त्यांच्या जन्मगावी, केइक्यू कावासाकी रेल्वे स्थानकावर, गाडी येत असल्याची सूचना देण्यासाठी त्यांच्याच गाण्याची चाल वाजते. फलाटावर उभे असलेले प्रवासी ती रोज ऐकतात. तिथे तिला कुणीही ‘सुकियाकी’ म्हणत नाही.